व्हर्च्युअल मशीनला व्हिडिओ मेमरी किती द्यायची, आणि ती देऊनही मशीन रेंगाळलं तर काय करायचं

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांपासून पणजीतल्या हिशेबनिसांच्या कचेऱ्यांपर्यंत, ज्यांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकाच्या आत दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) आहे त्यांची तक्रार बहुतेक सारखीच असते. आतलं विंडोज किंवा उबुंटू सुरू होतं, पण खिडकी ओढली की मागे डाग उरतात, स्क्रीन ८००×६०० च्या पुढे जात नाही, दुसरा मॉनिटर जोडला तर तो काळाच राहतो. मग कुणीतरी सांगतं, "व्हिडिओ मेमरी १२८ कर, होईल फास्ट." कधी त्याने खरंच काम होतं. कधी काडीचाही फरक पडत नाही आणि माणूस लॅपटॉपलाच दोष देऊन मोकळा होतो.

व्हिडिओ मेमरी म्हणजे स्क्रीनवरचं चित्र मावायला लागणारी जागा. जागा कमी पडत असेल तर मोठं रेझोल्यूशन मिळत नाही, दुसरी स्क्रीन उघडत नाही, चित्र तुटतं. ती पुरेशी दिली की हे अडलेलं सुटतं. त्यापुढे आकडा कितीही वाढवला तरी वेग वाढत नाही, कारण वेग ठरवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: ग्राफिक्स कंट्रोलर, म्हणजे आतल्या सिस्टीमला दिसणारं ग्राफिक्स कार्ड, कोणता निवडला आहे, आतल्या सिस्टीममध्ये योग्य ड्रायव्हर बसवला आहे का, त्रिमिती चित्रणाला म्हणजे ३डीला होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या लॅपटॉपच्या, ग्राफिक्स चिपची मदत मिळते का. म्हणून आधी जागेचा हिशेब पुरा करू आणि मग या तीन गोष्टींकडे वळू.

हिशेब

एका पिक्सेलला ३२ बिट रंगासाठी ४ बाइट लागतात. रुंदी गुणिले उंची गुणिले ४ केलं की एका स्क्रीनचं एक चित्र साठवायला किती जागा लागते ते कळतं. १९२०×१०८० च्या साध्या फुल एचडी स्क्रीनला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे जेमतेम ८ एमबी. ४के स्क्रीनला, ३८४०×२१६० ला, ३,३१,७७,६०० बाइट, म्हणजे सुमारे ३२ एमबी. दोन फुल एचडी मॉनिटर असतील तर १६ एमबी.

आकडे इतके लहान, मग १२८ कशाला लागतात? आजची डेस्कटॉप वातावरणं प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं साठवतात आणि मग सगळी एकत्र करून दाखवतात. ३डी सुरू असेल तर पोत आणि आकृत्यांनाही जागा लागते. म्हणून माझा ठोकताळा असा: फक्त काळ्या पडद्यावर चालणारा लिनक्स सर्व्हर असेल तर १६ एमबी भरपूर. ३डी न वापरणारा एका स्क्रीनचा लिनक्स डेस्कटॉप असेल तर ६४. विंडोज १० किंवा ११, किंवा ३डी सुरू असलेलं काहीही, तर सरळ १२८. दोन-तीन स्क्रीन किंवा ४के असेल तर २५६.

ही मेमरी तुमच्या लॅपटॉपच्या रॅममधून जाते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर १२८ एमबी म्हणजे फार नव्हे, त्यामुळे तेवढ्यासाठी काटकसर करू नका. पण व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये हाच आकडा जीबीत देता येतो, तिथे मात्र हात आखडता ठेवावा लागतो. त्याबद्दल पुढे.

हात लावण्याआधी

मशीन पूर्ण बंद हवं. आतल्या विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शट डाउन करा. खिडकीच्या फुलीवर क्लिक करून "सेव्ह द मशीन स्टेट" निवडलं असेल तर मशीन झोपलेलं असतं, बंद नसतं, आणि डिस्प्लेच्या सेटिंग्ज फिक्या, न बदलता येणाऱ्या दिसतात. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. जून-जुलैत वीज जायला लागली की लोक यूपीएसच्या चार-पाच मिनिटांत घाईघाईने स्टेट सेव्ह करून टाकतात, ते बरोबरही आहे, पण नंतर सेटिंग का बदलत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. मशीन पुन्हा सुरू करा, उघडी कामं सेव्ह करा आणि व्यवस्थित शट डाउन करा. "डिस्कार्ड सेव्हड स्टेट" हा पर्याय मेनूत असतो, पण त्याने न जतन केलेलं काम जातं. चालू यंत्राचा प्लग ओढल्यासारखंच ते.

बंद झाल्यावर एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या आत्ताच्या स्थितीची परत जाता येईल अशी नोंद, घ्या. व्हिडिओच्या सेटिंगमुळे फाइली जात नाहीत, पण पुढे ड्रायव्हर बसवायचा आहे, आणि तो बिघडला तर काळ्या स्क्रीनसमोर बसण्यापेक्षा मागे जाणं सोपं.

व्हर्च्युअलबॉक्समधली पावलं

डाव्या यादीत मशीन निवडा, "सेटिंग्ज" उघडा, "डिस्प्ले"वर जा, "स्क्रीन" हा टॅब. नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जच्या खिडकीत "बेसिक" आणि "एक्सपर्ट" असे दोन प्रकार आहेत. हवा तो पर्याय दिसत नसेल तर "एक्सपर्ट" करा.

पहिला पर्याय "व्हिडिओ मेमरी"चा. वरच्या हिशेबाने आलेला आकडा पट्टी सरकवून किंवा थेट टाइप करून द्या.

"मॉनिटर काउंट" एकच ठेवा, खरंच दोन मॉनिटर वापरत असाल तरच वाढवा. प्रत्येक वाढीव स्क्रीनसाठी मेमरी वेगळी लागते.

मग "ग्राफिक्स कंट्रोलर". माझ्या मते या पानावरची सर्वात महत्त्वाची सेटिंग हीच, आणि तिच्याकडे सर्वात कमी लोक बघतात. आत विंडोज ७ किंवा त्यानंतरचं काही असेल तर व्हीबॉक्सएसव्हीजीए. आत लिनक्स असेल तर व्हीएमएसव्हीजीए. एक्सपीसारखं जुनं काही असेल तर व्हीबॉक्सव्हीजीए. नवीन मशीन बनवताना व्हर्च्युअलबॉक्स हे स्वतःच निवडतो, पण तेही तुम्ही सुरुवातीला सिस्टीमचा प्रकार बरोबर सांगितला असेल तर. कुणा मित्राकडून तयार मशीनची फाइल पेन ड्राइव्हवर आणली असेल, तर तिथे काय निवडलं आहे ते आधी तपासा. खाली पिवळं चिन्ह आणि "इनव्हॅलिड सेटिंग्ज डिटेक्टेड" असं दिसलं तर त्यावर माउस नेऊन काय लिहिलं आहे ते वाचा. कंट्रोलर चुकला असेल किंवा मेमरी कमी पडत असेल तर तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं.

शेवटी "एनेबल ३डी अॅक्सलरेशन". विंडोज १०-११ आणि ग्नोम किंवा केडीई ही डेस्कटॉप वातावरणं असलेल्या लिनक्ससाठी ही खूण करून पाहा. ती नसली की आतल्या सिस्टीमचं सगळं चित्र तुमचा प्रोसेसर रंगवतो, आणि खिडक्या सरकवतानाचा जडपणा बहुतेक वेळा इथूनच येतो. खूण केल्यावर स्क्रीन काळी राहिली, चमकली किंवा अक्षरं फुटली, तर होस्टचा ग्राफिक्स ड्रायव्हर आधी अद्ययावत करा. तरीही तेच झालं तर खूण काढून टाका. ६.१ आवृत्तीपासून जुन्या व्हीबॉक्सव्हीजीए कंट्रोलरवर ३डी चालतच नाही, त्यामुळे ते दोन्ही एकत्र निवडू नका.

पट्टी बहुधा १२८ वर थांबते. २५६ हवी असेल तर कमांडने द्यावी लागते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये जा, लिनक्सवर नुसतं टर्मिनल पुरे. आधी व्हीबॉक्समॅनेज आणि पुढे "लिस्ट व्हीएम्स" लिहून मशीनचं नेमकं नाव बघा. मग व्हीबॉक्समॅनेज, मॉडिफायव्हीएम, दुहेरी अवतरणात ते नाव, दोन आडव्या रेघा लगेच जोडून व्हीरॅम, जागा सोडून २५६, आणि एंटर. सगळं अर्थातच रोमन लिपीत. काही छापून आलं नाही म्हणजे काम झालं. खात्रीसाठी "शोव्हीएमइन्फो" आणि नाव द्या, लांबलचक यादीत व्हीरॅम साइझच्या ओळीत नवा आकडा दिसतो.

गेस्ट अॅडिशन्सशिवाय हे सगळं अर्धवट

मेमरी दिली, कंट्रोलर बरोबर निवडला, तरी आतल्या सिस्टीमला तो वापरायचा कसा हे कळायला ड्रायव्हर लागतो. तो गेस्ट अॅडिशन्समध्ये असतो. स्क्रीन ८००×६०० वर अडकलेली असते तेव्हा तो बसवलेलाच नसतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

आत विंडोज असेल तर मशीन सुरू करा, वरच्या "डिव्हाइसेस" मेनूतून "इन्सर्ट गेस्ट अॅडिशन्स सीडी इमेज" निवडा, आत माय कॉम्प्युटरमध्ये सीडी दिसेल, ती उघडून इन्स्टॉलर चालवा, रीस्टार्ट करा. मग "व्ह्यू" मेनूत "ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले"वर खूण आहे का बघा. खिडकी ओढून मोठी केली की आतला डेस्कटॉपही तिच्याबरोबर मोठा झाला पाहिजे.

आत उबुंटू असेल तर सीडी चालवण्याआधी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे हेडर ही पॅकेजेस बसवा. ती नसली तर इन्स्टॉलर वरवर पूर्ण होतो, पण मॉड्यूल तयार होत नाही आणि रीस्टार्टनंतर सगळं जैसे थे. शेवटच्या ओळींत "फेल्ड" असा शब्द आला का, ते डोळे उघडे ठेवून वाचा. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलली की गेस्ट अॅडिशन्सही नव्याने बसवा.

मदत मिळते आहे की नाही हे आतूनच तपासता येतं. उबुंटूत सेटिंग्जमधल्या अबाउट किंवा सिस्टीम डिटेल्सच्या पानावर "ग्राफिक्स"ची ओळ बघा. तिथे एलएलव्हीएमपाइप असं नाव असेल तर प्रोसेसरच चित्र रंगवतो आहे, म्हणजे ३डी पोचलेलं नाही. एसव्हीजीए३डी असं दिसलं की काम झालं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले आणि तिथून अडॅप्टर प्रॉपर्टीज असं जा. "डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी" समोरचा आकडा आणि वर अडॅप्टरचं नाव दिसेल. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर" असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही, मग मेमरी वाढवत बसू नका.

छापखान्यातलं एक्सपी

गोव्यातल्या छोट्या छापखान्यांची ही वेगळी गरज आहे आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. जत्रांचा हंगाम जवळ आला की देवस्थानच्या उत्सवाच्या पत्रिका आणि गावच्या नाटकांची हँडबिलं यांची कामं येतात, आणि गिऱ्हाईक सांगतं, "पूर्वीचीच काढ, फक्त तारीख आणि पात्रांची नावं बदल." ती पूर्वीची फाइल असते पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये, युनिकोडच्या आधीच्या फाँटात. नव्या विंडोजवर तो फाँट नसला तर "श्री सातेरी प्रसन्न"च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची ओळ दिसते. म्हणून जुनं एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये जिवंत ठेवणं हा व्यवहारी उपाय आहे.

या मशीनला जास्त देण्याचा मोह टाळा. एक प्रोसेसर, ५१२ एमबी ते १ जीबी रॅम, व्हीबॉक्सव्हीजीए कंट्रोलर, ३२ एमबी व्हिडिओ मेमरी, ३डीची खूण रिकामी. १२८०×१०२४ च्या स्क्रीनला ५ एमबीच्या आसपास लागतात, तेव्हा ३२ म्हणजे ऐसपैस. गेस्ट अॅडिशन्स बसवल्यावर एक्सपीच्या डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये रंग ३२ बिट करा. १६ बिटवर देवाच्या फोटोच्या पार्श्वभूमीत पट्टे दिसतात आणि छपाईचा अंदाज चुकतो.

पान सरकवताना फोटो पुन्हापुन्हा सावकाश उमटत असेल तर तो दोष व्हिडिओ मेमरीचा नाही. पेजमेकरच्या प्रेफरन्सेसमध्ये "ग्राफिक्स डिस्प्ले" नावाचा पर्याय आहे, तो "हाय रेझोल्यूशन"वर असेल तर "स्टँडर्ड"वर आणा. छपाईला फरक पडत नाही, कामाला मोठा पडतो. आणि या मशीनचं नेटवर्क बंदच ठेवा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे. फाइली आत-बाहेर करायला शेअर्ड फोल्डर पुरेसा आहे.

तरीही जड चालत असेल तर

होस्ट विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या चालू मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे चिन्हांची ओळ असते. तिथे हिरवं कासव दिसतं का बघा. कासव म्हणजे होस्टवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) सुरू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट न मिळता त्याच्या मार्फत मिळते आहे. अशा वेळी व्हिडिओ मेमरी २५६ केली तरी मशीन जडच राहतं. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढून रीस्टार्ट करावं लागतं. त्याने डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) आणि त्यावर चालणारा डॉकर बंद पडतो, म्हणून कॉलेजच्या अभ्यासाला ते लागत असतील तर आधी ठरवा. विंडोज सिक्युरिटीतलं कोअर आयसोलेशनमधलं "मेमरी इंटिग्रिटी" सुरू असेल तरीही कासव राहतं. ते बंद करणं म्हणजे संरक्षणाचा एक थर काढणं. घरच्या सरावाच्या लॅपटॉपवर मी ते मान्य करेन, गिऱ्हाइकांचे हिशेब असलेल्या कचेरीच्या मशीनवर नाही.

कासव नसेल तर रॅम आणि डिस्क. ८ जीबीच्या लॅपटॉपवर आतल्या विंडोजला ४ जीबीपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर होस्टच डिस्कवर अदलाबदल करू लागतो. प्रोसेसर दोन द्या; खऱ्या कोअरच्या निम्म्याहून जास्त देण्यात अर्थ नाही. मशीनची फाइल फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवणं हा एकच बदल व्हिडिओच्या सगळ्या सेटिंगांपेक्षा जास्त जाणवतो. ४के लॅपटॉप असेल तर आतलं रेझोल्यूशन १९२०×१०८० ठेवून डिस्प्लेच्या सेटिंग्जमधल्या "स्केल फॅक्टर"ने मोठं करून बघा. ४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, आणि ३डी नसेल तर ते सगळे प्रोसेसरच्या माथी. लॅपटॉप चार्जरला जोडा, बॅटरीवर तो स्वतःहून वेग कमी करतो.

व्हीएमवेअर वापरत असाल तर

वर्कस्टेशन प्रो मे २०२४ पासून वैयक्तिक वापरासाठी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सर्वांसाठी मोफत झालं, त्यामुळे बरेच जण त्याकडे वळले आहेत. ३डीच्या बाबतीत ते व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सरस आहे असं माझं मत आहे. मशीन बंद करून "एडिट व्हर्च्युअल मशीन सेटिंग्ज", तिथे "डिस्प्ले", मग "अॅक्सलरेट ३डी ग्राफिक्स"वर खूण आणि खाली "ग्राफिक्स मेमरी"ची यादी. यादीत शिफारस केलेला आकडा लिहिलेला असतो, तो घ्या. वर ८ जीबीपर्यंत आकडे दिसतात, पण लॅपटॉपची ग्राफिक्स चिप प्रोसेसरमध्येच असेल तर तीही त्याच रॅममधून खाते. आत कॅड किंवा तत्सम काही चालवत नसाल तर १ जीबीपलीकडे जाऊ नका. आत विंडोज असेल तर व्हीएमवेअर टूल्स, लिनक्स असेल तर ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप हे पॅकेज बसवायला विसरू नका.

लिनक्स होस्टवर केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीनची सोय) आणि ती हाताळणारा व्हर्ट-मॅनेजर वापरणाऱ्यांनी मशीनच्या एक्सएमएल टॅबमध्ये व्हिडिओचा भाग बघावा. तिथे ग्राफिक्स कार्डाचा प्रकार क्यूएक्सएल असेल तर रॅम, व्हीरॅम आणि व्हीजीएमेम असे तीन आकडे किलोबाइटमध्ये असतात. रेझोल्यूशन अडवतो तो व्हीजीएमेम. तो बहुधा १६३८४, म्हणजे १६ एमबी असतो; ४के साठी ३२७६८ किंवा ६५५३६ करा. आत आजचा लिनक्स असेल तर मी क्यूएक्सएल सोडून व्हर्टिओ हा प्रकार निवडेन.

हायपर-व्हीमध्ये अशी पट्टीच नाही. तिथे पॉवरशेलमधल्या सेट-व्हीएमव्हिडिओ या कमांडने आडवं आणि उभं रेझोल्यूशन ठरवतात, आणि रोजच्या कामासाठी एनहान्स्ड सेशन, म्हणजे रिमोट डेस्कटॉपसारखी जोडणी, वापरतात. मात्र आतलं विंडोज होम आवृत्तीचं असेल तर ते सेशन मिळत नाही.

कचेरीच्या सर्व्हरवरचे डेस्कटॉप

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पणजीत एकाच सर्व्हरवर अनेकांचे डेस्कटॉप चालवले जातात, तिथे हिशेब बदलतो. व्हीएमवेअरच्या सर्व्हरसाठीच्या व्हीस्फिअरमध्ये मशीनच्या "एडिट सेटिंग्ज"मधल्या "व्हिडिओ कार्ड"खाली स्क्रीनची संख्या आणि एकूण व्हिडिओ मेमरी देता येते, पण मशीन बंद असतानाच. इथे प्रत्येक आकडा डेस्कटॉपच्या संख्येने गुणून बघा: ५० जणांना १२८ एमबी म्हणजे सव्वासहा जीबी. पत्रव्यवहार आणि एक्सेल करणाऱ्याला एका स्क्रीनपुरतं द्या, दोन मॉनिटरवाल्या हिशेबनिसाला वेगळा गट करून जास्त द्या. डेस्कटॉप होरायझनसारख्या प्रणालीतून तयार होत असतील तर बदल पूलच्या, म्हणजे डेस्कटॉपांच्या गटाच्या, सेटिंगमध्ये करा. एकेका मशीनवर केलेला बदल मशीन नव्याने तयार झालं की पुसला जातो.

वापरणारा घरून, साखळी किंवा काणकोणहून जोडला जात असेल, तर चित्र अडखळण्याचं कारण नेटवर्कही असू शकतं. त्याला एक दिवस कचेरीतल्या तारेच्या जोडणीवरून तोच डेस्कटॉप वापरायला द्या. तिथे सुरळीत चालला तर व्हिडिओ मेमरीला हात न लावता रिमोट जोडणीतलं रेझोल्यूशन आणि चित्राचा दर्जा कमी करा. तिथेही अडखळला, तर एकाच डेस्कटॉपची मेमरी वाढवून, त्याच माणसाच्या नेहमीच्या कामावर तपासून, मगच पूर्ण पूलमध्ये बदल करा.